मॅडमची चाल

बाबा गेल्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई मॅडमची चाल दाखवायची.

मॅडम म्हणजे आमची कुत्री. फिकट सोनेरी रंगाची, रुंद कपाळाची लॅब्राडॉर. हे नाव बाबांनी ठेवलं, आणि नावासोबतचं आदरार्थी बहुवचनही त्यांनीच सुरू केलं. मॅडम उठल्या, मॅडम रुसल्या, मॅडमनी पाहुण्यांची चप्पल खाल्ली. आधी थट्टा म्हणून, मग सवयीनं, आणि शेवटी घरात कुणालाच त्यांना अगं-तुगं करणं जमेना.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. जिन्यात उभं राहून, नुसत्या आवाजावरून कुठल्या मजल्याच्या आसपास काय झिजलंय ते सांगायचे. एकदा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना त्यांचा पाय निसटला आणि उजवा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून त्यांचं एक पाऊल लांब पडायचं, दुसरं आखूड, आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटासा थांबा असायचा. पुढचं पाऊल टाकू का, असं जमिनीला विचारल्यासारखा.

मॅडम आमच्याकडे आल्या त्या पिल्लू म्हणून. वर्षभराच्या झाल्या तशा त्याही तशाच चालू लागल्या. मागचे पाय किंचित ओढत, कंबर झुलवत, आणि मध्येच एक थांबा. दोघं रस्त्यानं निघाले की मागून बघणाऱ्याला हसू आवरायचं नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणायचा, ‘‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!’’ बाबांना हे फार आवडायचं. ‘‘मॅडम माझी नक्कल करतात,’’ ते सांगायचे, ‘‘तीही बिनपगारी.’’

ते गेल्यावर ही गोष्ट घरात पुन्हा पुन्हा सांगितली गेली. आई हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला सरकवायची, स्वयंपाकघराच्या दारात बिस्कीट घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, ‘‘या मॅडम.’’ मॅडम यायच्या. लांब, आखूड, थांबा. माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, ते पाहून रुमालात तोंड खुपसून रडली. ‘‘दादाच चालतोय गं,’’ ती म्हणाली. आई रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ अभिमान होता.

मी तेव्हा दुसऱ्या शहरातल्या माझ्या घराला कुलूप लावून आईकडे राहायला आले होते. माझं काम छापण्याआधी पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं. ते कुठूनही होतं. आईला सोबत म्हणून आले, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण मॅडम हॉलमधून उठल्या की मीही हातातली पानं खाली ठेवून बघत राहायची. त्या पुन्हा बसेपर्यंत.

पिल्लांची कल्पना सलूनवाल्या काकांची. ते बाबांचे जुने दोस्त. गल्लीच्या पुढच्या वळणावर त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे आणि घरी वस्ताद नावाचा काळाभोर लॅब्राडॉर. एका रविवारी ते आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवून घसा खाकरला.

‘‘वहिनी, एक बोलू का? रागावणार नसाल तर.’’

‘‘एरवी तुम्ही न विचारताच बोलता, भावजी. आज काय झालं?’’

‘‘मॅडम चार वर्षांच्या झाल्या. आमचा वस्ताद पाचचा. दोन्ही घरं एकमेकांच्या माहितीतली. मुलगा निर्व्यसनी आहे.’’

‘‘गेल्या खेपेला आमच्या पडद्यावर तंगडी कुणी वर केली होती?’’

‘‘ते लहानपणचं वळण. लग्न झालं की सुधारतात मुलगे.’’

आई हसली. मग काका हसायचे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘दोस्ताचं काहीतरी मागं राहील हो.’’

मॅडम टेबलाखाली एका कुशीवर कलून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत आईनं विचारलं, ‘‘पिल्लं पण तशीच चालतील का?’’

‘‘आईबरोबर राहून शिकतीलच की! या नाही का शिकल्या?’’

त्या क्षणी मला कळलं की गोष्ट ठरल्यात जमा आहे. आईला पिल्लाची हौस नव्हती. तिला ती चाल हवी होती, मॅडमच्याही नंतर या घरात टिकणारी.

‘‘आणि आठ झाली तर?’’ मी विचारलं.

‘‘एक तुम्ही ठेवा. सात मी देतो. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस मला नाही म्हणत नाही. हातात वस्तरा असतो माझ्या.’’

‘‘आधी एकदा डॉक्टरांना दाखवू या.’’

‘‘बाळंतपणं काय डॉक्टरांना विचारून ठरवतात?’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्या वेळी मी कुणाला विचारलं होतं?’’

‘‘म्हणून तर ही अशी झाली,’’ काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सलून अर्धा दिवस बंद ठेवून तेच आमच्याबरोबर आले.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या, केस मुलासारखे कापलेले. टेबलाशी न बसता त्या सरळ फरशीवर मॅडमच्या समोर बसल्या आणि बोलल्या मात्र आईशी.

‘‘पिल्लं कशासाठी हवीत, काकू?’’

‘‘सगळ्यांना कशासाठी हवी असतात?’’

‘‘ज्याचं त्याचं कारण वेगळं. कुणाला विकायची असतात. कुणाला वाटतं, कुत्री एकदा तरी व्यायला हवी, नाहीतर आजारी पडते. तसं काही नसतं, एवढं आधीच सांगते.’’

‘‘आमच्या घरातलं माणूस गेलं,’’ आई म्हणाली. ‘‘या त्यांच्या.’’

मॅडमच्या मानेखाली डॉक्टरांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. ‘‘पिल्लांना घरं आहेत?’’

‘‘सात नक्की,’’ काका म्हणाले.

‘‘त्यातल्या किती जणांनी घरी बायकोला विचारलंय?’’

काका छताकडे बघू लागले.

‘‘आणि वर्षभरानं एखाद्यानं पिल्लू परत आणून दिलं तर? बदली झाली, बाळ झालं, सोफा खाल्ला, कारणं काय हवी तेवढी असतात. तेव्हा ते तुमच्याकडे येणार. ठेवाल?’’

‘‘ठेवू,’’ आई म्हणाली.

‘‘पहिली वीण आहे. अडली तर ऑपरेशन करून पिल्लं काढावी लागतात, त्यात कधी आईही दगावते. कधी ती पिल्लांना जवळच घेत नाही. मग रात्रंदिवस, दर दोन तासांनी बाटलीनं दूध. तयारी आहे?’’

‘‘एक वाढवली आहे तशी,’’ आईनं माझ्याकडे बोट केलं. ‘‘दर दोन तासांनी भोकाड.’’

डॉक्टर हसल्या. ‘‘बरं. जरा चालवून दाखवता?’’

आईचा चेहरा उजळला. तिनं पट्टा हातात घेतला आणि त्या लांब खोलीत मॅडमना भिंतीपासून भिंतीपर्यंत नेऊन आणलं. आमच्या हॉलमध्ये न्यायची तसंच, मान ताठ ठेवून. डॉक्टरांनी परत एकदा न्यायला सांगितलं. मग वळताना बघितलं. मग दारातली पायरी चढायला लावली.

‘‘किती दिवस लंगडतायत या?’’

आई मोठ्यानं हसली. ‘‘लंगडत नाहीत हो. ती यांची चाल आहे.’’ आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. खड्डा, गुडघा, ढवळ्या-पवळ्या. काकांनी जागोजागी दुजोरा दिला. मीसुद्धा मान हलवली.

डॉक्टर हसल्या नाहीत. ‘‘माणसाचं बघून कुत्रं लंगडायला लागलं, असं मी कधी पाहिलेलं नाही. जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडून उडी मारतात का?’’

‘‘हो, पण ते...’’

‘‘बसताना एका कुशीवर कलतात?’’

‘‘हेही कलायचे बसताना,’’ आई म्हणाली. पण आवाज उतरला होता.

‘‘झोपून उठल्यावर पहिली काही पावलं जास्त अवघड जातात?’’

आई मॅडमच्या पट्ट्याची कडी सारखी करू लागली. काका म्हणाले, ‘‘वय झालं की सगळ्यांचंच होतं तसं.’’

‘‘चार वर्षं म्हणजे वय नव्हे,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘एक्स-रे काढू. त्याशिवाय मी या विणीला हो म्हणणार नाही. आणि तुमच्या वस्तादचाही काढा, काका. पोरं दोघांची असतात.’’

एक्स-रेच्या दिवशी काकांना गिऱ्हाइकं होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. मॅडमना भूल दिली होती. त्या आतल्या टेबलावर जीभ बाहेर टाकून पडल्या होत्या, आणि बाहेर पडद्यावर त्यांची हाडं पांढरी, स्वच्छ दिसत होती.

‘‘हा मांडीच्या हाडाचा गोळा,’’ डॉक्टरांनी पेन्सिलीनं दाखवलं. ‘‘ही खुब्याची वाटी. गोळा वाटीत घट्ट बसायला हवा. यांची वाटी उथळ आहे. गोळा निम्मा बाहेर. दोन्ही बाजूंना. प्रत्येक पावलाला हाड हाडावर घासतं.’’

आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. चाळीस वर्षं तिनं जेवताना झिजलेल्या यंत्रांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

‘‘बेअरिंग सैल आहे,’’ ती म्हणाली.

‘‘अगदी तेच.’’

‘‘दुखतं?’’

‘‘दुखतं. कुत्री बोंब मारत नाहीत, काकू. ती हळू चालतात.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘बहुतेक वर्षाच्या आत-बाहेर असल्यापासून. हे रक्तातून येतं. यांच्या आईला नाहीतर बापाला असणार, आणि कुणी बघितलं नसणार. पिल्लांमध्ये सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना उतरू शकतं. आणि पोटात पिल्लांचं ओझं घेऊन यांनी या सांध्यांवर उभं राहायचं... माझा सल्ला विचाराल, तर नको.’’

आईनं पडद्यावरच्या त्या वाटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘‘म्हणजे गुण लागला नव्हता. वाणच होता तो.’’

घरी आल्यावर तिनं खुर्च्या सरकवल्या नाहीत. त्यानंतर भेटायला आलेल्या कुणालाही तिनं मॅडमची चाल दाखवली नाही. मला वाटलं, विषय मिटला. पण एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘सगळ्या कुत्र्या काय हाडांचे फोटो काढून वितात?’’

मी पुढची जुडी तिच्याकडे सरकवली.

‘‘मी एकच पिल्लू ठेवीन. दुखलं तर औषध देईन. इतकी वर्षं यांचा गुडघा नाही शेकला?’’

‘‘आणि बाकीची सात?’’

‘‘सगळ्यांना होतंच असं नाही म्हणाल्या की डॉक्टर.’’ तिनं देठं गोळा करून कचऱ्यात टाकली. ‘‘ते पुस्तकातलं तपासणं पुस्तकात ठेव.’’

मला तिचा राग आला नाही. त्या पडद्यावर दोन पांढरे गोळे दिसले तेव्हा माझंही काहीतरी काढून घेतलं गेलं होतं. बाबांचे कपडे कपाटात होते, हत्यारं पेटीत होती. पण हलतं-चालतं असं त्यांचं एवढंच उरलं होतं, आणि ते एका दुखण्याचं नाव निघालं. ते दुखणं आई पुढे चालू ठेवायला निघाली होती, आणि तिला तसं दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि तरी तिला ते हवं होतं. मला यातलं काय जास्त वाईट, ते ठरवता येईना.

मग मॅडम माजावर आल्या. आईनं काकांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले ते दाढी-बिढी करून, नवा शर्ट घालून, दारातूनच ओरडत. ‘‘काय विहीणबाई! कधीचा मुहूर्त?’’

‘‘अजून काही दिवस थांबावं लागतं ना? मग आणा वस्तादला,’’ आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

‘‘आई, काकांना एक्स-रेचं सांगितलंस?’’

‘‘सांगायचंय.’’

‘‘काय सांगायचंय?’’ काकांनी विचारलं.

मग मीच सांगितलं. वाटी, गोळा, रक्तातून उतरणं, सगळं. काकांनी ऐकता ऐकता कप खाली ठेवला. मॅडम त्यांच्या पायाशी पडल्या होत्या. त्यांच्याकडे ते असे बघू लागले, जसं काही आपल्याच खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखू येत नाहीये.

‘‘म्हणजे या दोस्ताचं बघून लंगडत नव्हत्या?’’

‘‘नाही.’’

‘‘दुखतं म्हणून लंगडत होत्या?’’

‘‘हो.’’

‘‘मग तो का लंगडत होता?’’

‘‘काय बोलता भावजी!’’ आई वैतागली. ‘‘गुडघा नव्हता का त्यांचा गेलेला?’’

‘‘तो बदलला ना, वहिनी. दोन वर्षं झाली त्याला.’’

‘‘बदलला, पण चाल कुठे सुधारली? ती व्यायाम शिकवणारी बाई ओरडून ओरडून थकली. ‘आता गुडघा नवा आहे, सरळ चाला’ म्हणून. पण हे आपले तसेच. सवयच ती.’’

‘‘माझ्याकडे तर सरळ चालत यायचा.’’

आई खुर्चीत पुढे सरकली.

‘‘तुमच्याकडे म्हणजे?’’ आईनं विचारलं.

‘‘सलूनमध्ये. मॅडमना आणायचा नाही ना तिकडे. कापलेले केस नाकात जाऊन शिंका येतात त्यांना. एकटाच यायचा. वळणावरून असा झपझप यायचा, मला आरशात दिसायचा. मी एकदा म्हटलंही, काय रे, नवं इंजिन बसवलंस की काय? तर म्हणाला, आज मॅडम नाहीत ना बरोबर. मला वाटलं, नेहमीची थट्टा.’’

‘‘मला कसं नाही दिसलं?’’

‘‘तुम्हाला दिसणार कुठून? तुमच्या खिडक्या मागच्या अंगाला. आणि घरात हॉल ते मोरी किती पावलं असतात, वहिनी? तीही मॅडम मागे असताना.’’

माझ्या फोनमध्ये बाबांचे काही व्हिडिओ होते. ते गेल्यापासून मी ते उघडले नव्हते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्यात, रस्त्यावरून दोघं चालत जातानाचा एक मी मागून काढला होता, हसत हसत. तो आता आम्ही तिघांनी टेबलावर फोन ठेवून पाहिला. पहिल्यांदा नेहमीचंच दिसलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, ‘‘पायांकडे बघा फक्त.’’

आधी मॅडम थांबत होत्या. मग बाबा. दर वेळी. मॅडमचं मागचं अंग अडखळायचं, पट्टा किंचित सैल व्हायचा, आणि मग ते आपलं पाऊल आखूड करायचे. फुटपाथच्या कडेशी मॅडम जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या, तर बाबा उगीचच एका दुकानाची पाटी वाचू लागले. त्या निघाल्या तेव्हा तेही निघाले.

‘‘मेला माणूस,’’ आई म्हणाली. ‘‘मेला माणूस. जिन्यातून लिफ्टचं बेअरिंग सांगायचा. आणि घरातलं, पायाशी बसलेलं...’’

‘‘कळलं असतं तर त्यानं उचलून नेलं असतं डॉक्टरकडे,’’ काका म्हणाले. ‘‘त्याला वाटलं असेल, मॅडमना घाई पसंत नाही. मॅडमच त्या. त्यानं मान राखला.’’

आई हसली. हसता हसता ती रडू लागली, आणि मग नुसतीच रडली. बाबा गेल्यापासून ती रडलेली मी पाहिली नव्हती. काका उठून गॅलरीत गेले आणि तिथल्या कुंड्यांतली माती बोटानं चाचपत राहिले.

बऱ्याच वेळानं आई खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली. मॅडमच्या कमरेवर तिनं हात ठेवला, एक्स-रेत दिसलेल्या जागी, अंदाजानं.

‘‘दुखत होतं का गं तुला?’’ तिनं विचारलं.

मॅडमना कुणी एकेरीत बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी शेपूट दोनदा फरशीवर आपटलं.

‘‘भावजी,’’ आईनं बसल्या जागेवरून हाक मारली. ‘‘या आत. सोयरीक मोडली.’’

काका दारात येऊन उभे राहिले. तोंड जरा पडलं होतं, पण त्यांनी ते सावरलं. ‘‘मग माझ्या सात गिऱ्हाइकांना काय सांगू?’’

‘‘सांगा, मुलीकडचे नाही म्हणाले.’’

‘‘कारण विचारतील.’’

‘‘खरं ते सांगा. आणि ज्याला कुत्रं पाहिजेच असेल त्याला सांगा, आधी त्याच्या आईबापांच्या हाडांचे फोटो बघ म्हणावं. वस्तरा गळ्याशी असताना सांगा, म्हणजे ऐकतील.’’

पुढचे काही आठवडे आईनं ज्या तडफेनं काम केलं, ती मी विसरले होते. एक दुखणं पुढे न्यायचं नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं, आणि ती त्याला दोन्ही हातांनी भिडली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सांध्यांवरचं वजन उतरवा, गुळगुळीत फरशी टाळा, रोज बेताचं चालवा, उड्या नकोत. आईनं बिस्किटांचा डबा सलूनमध्ये नेऊन दिला. गॅलरीत बाबांनी लिफ्टच्या फरशीसाठी आणून ठेवलेल्या खरखरीत रबराची गुंडाळी वर्षानुवर्षं पडून होती. ती तिनं मला धरायला लावली, बाबांच्या पात्यानं कापली आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरली. घरभर मोटारीच्या गॅरेजचा वास सुटला. ‘‘लिफ्टमध्ये राहिल्यासारखं वाटतंय,’’ मी म्हटलं. ‘‘मग दार लाव आणि गप्प उभी राहा,’’ ती म्हणाली.

सकाळ-संध्याकाळ ती मॅडमना स्वतः फिरायला न्यायला लागली. पूर्वी हे काम बाबांचं होतं, नंतर माझं. पहिल्या दिवशी तिनं पट्टा इतका घट्ट धरला की तिच्या तळहातावर वळ उठला. रस्त्यात लोकांनी थांबवलं. औषधवाल्यानं ढवळ्या-पवळ्याची आठवण काढली. आईनं त्याला तिथंच उभं करून खुब्याचा सांधा समजावून सांगितला. दोन मुठी एकमेकींत घालून, त्याचं मागचं गिऱ्हाईक खोकायला लागेपर्यंत.

काकांनी वस्तादचा एक्स-रे काढला. ‘‘मुलगा नंबर एक,’’ ते छाती फुगवून सांगत आले. ‘‘पण डॉक्टर म्हणतात, अजून डोळे तपासा, हृदय तपासा. अहो, मी माझं नाही तपासलेलं.’’ आईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी पुढच्याच आठवड्यात आपलं हृदयही तपासून घेतलं.

मॅडमचा माज संपून योग्य वेळ आली, तेव्हा त्यांचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी आई दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला नाही, पण तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. ‘‘आता काही मागं राहायचं नाही,’’ ती म्हणाली. मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती रडत नव्हती. हिशोब मिटल्यावर माणूस बोलतं तसं ती बोलली होती.

मॅडमचं वजन उतरत गेलं, औषध लागू पडलं, मांड्यांमध्ये थोडी ताकद आली. सांधा तोच होता, तो बदलणार नव्हता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण तो थांबा लहान लहान होत गेला. रबरावरून त्या स्वयंपाकघरात येताना मी कान देऊन ऐकायची. लांब, आखूड, थांबा. मग लांब, आखूड. आणि एका सकाळी मी मुद्रितं वाचत बसले होते, तर चारी पायांची नखं एकसारखी वाजत गेली आणि मला आधी कळलंच नाही की कोण आलं.

आईला हे माझ्याआधी कळलं होतं. ‘‘गेली ती चाल,’’ ती भांडी विसळताना म्हणाली.

‘‘वाईट वाटतं?’’

तिनं भांडं पालथं ठेवलं, हात पुसले. ‘‘वाटतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण यांनी पाहिली असती ना आजची मॅडम, तर आधी यांनीच टाकली असती ती चाल.’’

मग तिनं विचारलं, ‘‘तुझं घर किती महिने बंद आहे?’’

‘‘का?’’

‘‘धूळ बसली असेल. जा आता. इथं माझी सकाळ-संध्याकाळ भरलेली आहे. तू असलीस की तुझा स्वयंपाक वाढतो.’’

मी गेले. धूळ खरोखर बसली होती. पुस्तकांच्या कपाटावर, पलंगावर, दारामागे अडकवलेल्या माझ्या छत्रीवरसुद्धा. मी दोन दिवस पुसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला, तेव्हा तिला धाप लागलेली होती.

‘‘काय झालं?’’

‘‘काय होणार? तुझ्या मॅडम. कबुतर दिसलं, तर पट्ट्यासकट मला कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं. अशा वेळी धावायचं म्हणजे चपला काय कामाच्या? एक राहिली मागे रस्त्यात. सलूनमधून सगळे बघतायत. भावजी तर वस्तरा हातात घेऊन बाहेर.’’

‘‘लागलं का कुठे?’’

‘‘मला नाही. कबुतरालाही नाही. मॅडमना विचारलं, तर त्यांना अजून एकदा जायचंय.’’ ती श्वास घ्यायला थांबली. मागे कुणीतरी काहीतरी ओरडत होतं, आणि मॅडम भुंकत होत्या. ‘‘म्हणून बूट घेतले आत्ता. ते पळायचे असतात ना, तसले. दुकानवाला म्हणाला, आजी, कुणासाठी? मी म्हटलं, पायात घालूनच चाललेय, बघ कुणासाठी.’’

‘‘कसले घेतलेस?’’

‘‘गुलाबी,’’ आई म्हणाली. ‘‘माझ्या मापात तेवढेच होते.’’